रवळूची करवत

१

शिलंगणाहून परत आले तेव्हा माझ्या मुठीत आपट्याची पानं होती आणि अण्णांना सुनवायचं भाषण तोंडात तयार होतं. "तुम्ही दोघी या सावकाश, मी होतो पुढं," असं म्हणून हा माणूस मला आणि पारूबाईला गर्दीत सोडून पसार झाला होता. सणाच्या दिवशी कुठं एवढी घाई? मागच्या शेडमध्ये, दुसरं कुठं जाणार!

शेडचं दार सताड उघडं होतं. अण्णा जमिनीवर पालथे पडले होते. डोक्यामागं रक्त, आणि बाजूला त्यांचाच मोठा लोखंडी पाना. वर बाकावर, कालच्या झेंडूच्या हारात, रवळूची करवत बसलेली होती. तिच्या मुठीपासून साखळीपर्यंत बांधलेली सुतळी तुटली होती, आणि लाखेची मोहोर फुटून तिचे तुकडे खाली पडले होते.

मी ओरडले असेन, कारण शेजारची अंबुबाई कुंपणापाशी लंगडत आली. गुडघ्यांच्या त्रासामुळं ती घरीच राहिली होती.

"बेबी, ती चालली गं मगाशी! घर्र घर्र घर्र... मी चुलीपाशी होते, भीतीनं बाहेरच आले नाही."

"कोण चालली?"

तिनं करवतीकडं बोट केलं. माझ्यामागं पारूबाई उभी होती. तिनं पदर तोंडात धरला आणि मटकन खाली बसली, कारण ती करवत तिच्या मेलेल्या नवऱ्याची होती.

अण्णांचा श्वास चालू होता. देवाची कृपा म्हणा, नाहीतर किल्लेदारांच्या टाळक्याची जाडी म्हणा.

२

आधी अण्णांचा हा नाद सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझे थोरले भाऊ चिंतामणी किल्लेदार बेळगावच्या कोर्टात वकील होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, टपाल तिकिटं जमवतात. आमचे अण्णा पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या करवती जमवायचे. जंगलात झाडं पाडायला ठेकेदार वापरायचे त्या. हातात धरायचं इंजिन, पुढं लांब पट्टी आणि पट्टीभोवती गरगर फिरणारी दातांची साखळी. गंजून भंगारात निघालेलं एखादं धूड घरी आणायचं, रॉकेलमध्ये भिजत घालायचं, दात घासायच्या ब्रशनं कार्बोरेटर घासायचा. इंजिनातल्या चकत्या ते आलेल्या लग्नपत्रिका कापून करायचे. कोणाची तरी सोयरीक दोन लोखंडांमध्ये दाबून बसवलेली असायची आणि मशीन सुरू व्हायचं! लाकूड मात्र त्यांनी जन्मात कापलं नाही. नुसतं सुरू करायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि बंद करायचं. मी लग्न केलं नाही म्हणून लोक मला विक्षिप्त म्हणतात, आणि हा माणूस सुटला.

त्यांचा एक नेम होता. करवत ज्यानं शेवटची चालवली त्याचं नाव तिला द्यायचं, आणि उघडण्याआधी त्याच्या घरच्यांना बोलावून विचारायचं. त्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत.

रवळू खानापूरच्या जंगलात करवत चालवायचा. बहात्तर साली तो मेला. 'साखळी ढिली होती, करवत उसळली आणि मानेत घुसली,' असं ठेकेदारानं सांगितलं आणि चौकशी संपली. करवत जिथं पडली होती तिथंच पंचांसमोर सुतळीनं बांधून, मोहोर लावून कोर्टाच्या कोठडीत टाकली. त्र्याऐंशी साली लिलाव निघाला तेव्हा अण्णांनी ती उचलली. आमच्या घरात ती आली आणि धुणं धुणारी बाई यायची बंद झाली. खानापूरकडं म्हणे असा बोभाटा होता की ही करवत अजून रक्त मागते. मीही खोटं कशाला सांगू, संध्याकाळी शेडकडं बघायचं टाळायची.

खंडेनवमीला अण्णांनी सगळ्या करवती ओळीनं मांडल्या आणि तिघांना पूजेला बोलावलं. एक पारूबाई. दुसरा तिचा भाऊ मष्णू, जो जंगलात रवळूच्या हाताखाली होता. तिसरा तोच ठेकेदार, उपेंद्रशेठ, आता खानापूरला मोठी वखार असलेला. बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पारूबाई आमच्या घरात उतरली, म्हणून मष्णू बाहेरच्या ओट्यावर झोपला.

हत्यारांना कुंकू लावायचं काम माझं. प्रत्येक करवतीच्या साखळीवर मुठीकडून टोकाकडं बोट ओढत मी कुंकवाची रेघ काढत गेले. रवळूच्या करवतीवर आले आणि सर्रकन बोट कापलं. रक्ताचा थेंब साखळीवर पडला. पारूबाई किंचाळली. मष्णू भिंतीला टेकला. उपेंद्रशेठ म्हणाले, "तरी मी सांगत होतो वकीलसाहेब, ही विहिरीत टाका म्हणून."

अण्णांनी मात्र माझ्या बोटाकडं बघितलं, मग बाकीच्या करवतींकडं, मग वाकून रवळूच्या साखळीकडं. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. सख्ख्या बहिणीचं रक्त बघून हसणारा भाऊ!

"बेबी, तुझ्या बोटानं फार मोठं काम केलं," ते म्हणाले. "आता पूजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही. उद्या शिलंगण झालं की मोहोर फोडतो. तुम्हीही सगळे या."

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे.

३

अण्णांना दवाखान्यात ठेवून मी घरी आले तर दारात धर्मराज उभा, हातात आपट्याची पानं घेऊन. मी निपाणीला शाळेत शिकवायची तेव्हाचा हा माझा विद्यार्थी. आता तिथंच वकिली करतो. अण्णांना तो गुरू मानतो आणि मला घाबरतो. दर दसऱ्याला सोनं द्यायला एसटीनं येतो.

"बाई, शेडमध्ये कोण कोण गेलं?"

"मी, पारूबाई आणि अण्णांना उचलणारी दोन माणसं. मग मी कुलूप लावलं. किल्ली ही इथं." मी कमरेला हात लावला.

"तुम्ही बघितलेली करवत कशी होती, हे कोणाला सांगू नका."

तेवढ्यात हवालदार मायाप्पा आले, मष्णूच्या दंडाला धरून. रेल्वे स्टेशनच्या बाकावर हा रडत बसलेला सापडला होता. तो दसऱ्यालाच का पळाला, कुठं निघाला होता, काही सांगत नव्हता.

"ओट्यावर झोपणारा हाच नव्हं का, बाई? घराची सगळी माहिती यालाच," मायाप्पा म्हणाले. "वकीलसाहेब शुद्धीवर नाही आले तर खूनच की हो."

पारूबाई आतून दारापर्यंत आली. इतक्या वर्षांत भावाकडं तिनं पहिल्यांदा सरळ बघितलं असेल.

"पुन्हा केलंस, मष्ण्या?" ती म्हणाली.

मष्णूनं हात जोडले. "वकीलसायबास्नी मी न्हाय हात लावला, आक्का. शप्पत. पर रवळूला... रवळूला मीच मारलं."

४

धर्मराजनं त्याला पाणी दिलं आणि ओट्यावर बसवलं. मायाप्पांना मी चहा दिला, म्हणजे त्यांचं तोंड गुंतलं.

"कसं मारलंस?"

"जंगलात आमचा नेम हुता, साहेब. सांजच्याला साखळी काडायची, रातभर तेलाच्या डब्यात बुडवून ठिवायची. सकाळच्याला मी चढवायची आन् ताणायची. त्ये काम माजं. त्या सांजला मी साखळी तेलात टाकली आन् खाली गावाकडं जत्रंला गेलतो. न इचारता गेलतो. सकाळी वर आलो तर रवळू पडल्याला. मी न्हवतो म्हणून त्यानं सोताच घाईत चढवली आसंल. ढिली ऱ्हायली. मी असतो तर ताणली असती की वो!"

"रवळूला साखळी चढवता येत होती?"

"येत हुती म्हंजे? त्येनंच शिकवली मला. डोळं झाकून चढवायचा."

"मग स्टेशनवर कशाला गेलतास?"

"ह्या बाईंच्या बोटाचं रगत बघितलं आन् माजा धीर सुटला. त्यो मलाच मागतोय आसं वाटलं."

मला त्याची फार दया आली आणि त्याच वेळी शंकाही आली. मास्तरकी केलेल्या बाईला खोटं रडणं खूप बघायला मिळतं.

पारूबाई मागच्या पडवीत बसली होती. तिनं एकच सांगितलं. "दरसालच्या भाऊबिजंला ह्यो येतो, बाई. आंगणात उभा ऱ्हातो. मी दार लावून घेती. जत्रंत नाचत हुता ह्यो, आन् हितं माजं कुंकू पुसलं. कसं ओवाळू सांगा." मग जरा थांबून म्हणाली, "दार लावलं की मी आत रडती. त्येला ठावं न्हाय."

उपेंद्रशेठ सकाळी स्वतःहून आले, अण्णांसाठी मोसंबी घेऊन. स्वच्छ धोतर, गोड बोलणं. मागल्या संध्याकाळी ते शिलंगणाच्या गर्दीत होते म्हणे. होतेही असतील, एवढ्या माणसांत कोण कोणाला बघतंय!

"लिलावात तुम्हीही ही करवत मागत होतात ना?" धर्मराजनं विचारलं.

"व्हय की. विहिरीत टाकायला. माझ्या डोळ्यांसमोर माणूस गेला त्यात. झाड कापत होता, करवत उसळली..." त्यांनी डोळे पुसले.

"तुम्हाला या यंत्रातलं बरंच कळत असेल."

"छे छे! आमची वडिलांपासूनची वखार. हातकरवतीवर वाढलो मी. लहानपणी सुतारांबरोबर बसून फळ्या कापल्यात." त्यांना जरा अभिमान वाटला असावा. हवेत करवत ओढून दाखवत ते म्हणाले, "दात आपल्याकडं पाहिजेत आणि ओढताना जोर. आमच्याकडची करवत ओढताना खाते. पेट्रोलचं धूड चालवायला माणसं ठेवलेली, मी नुसता बघायचो."

मी धर्मराजकडं बघितलं. तो मोसंबी सोलत होता. शाळेत गणिताचं उत्तर सापडलं की हा असाच खाली मान घालून काहीतरी कुरतडत बसायचा.

५

दुपारी त्यानं मला शेड उघडायला लावलं. खिडकीतून एक पट्टा उजेड रवळूच्या करवतीवर पडला होता आणि हाराची फुलं वाळून गेली होती.

"बाई, परवासारखं कुंकू लावा. सगळ्यांना."

"वेडा आहेस का तू?"

"लावा तर."

मी पहिल्या करवतीवर मुठीकडून टोकाकडं बोट ओढलं. काही झालं नाही. दुसरीवर, तिसरीवर, काही नाही. रवळूच्या करवतीवर हात ठेवताना मी डोळे गच्च मिटले. बोट अलगद टोकापर्यंत गेलं. कापलं नाही!

"तृप्त झाली का काय ती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमची परवाची रेघ कुठं आहे?" तो म्हणाला. मी वाकून बघितलं. साखळीवर वरच्या बाजूला काढलेली माझी कुंकवाची रेघ आता वर नव्हतीच. कुंकू लागलेले दात पट्टीच्या खालच्या अंगाला गेले होते, आणि त्यांतल्याच एका दातावर माझ्या रक्ताचा काळा ठिपका होता.

"साखळी काढून पुन्हा चढवलीय," मी म्हणाले.

"आणि फिरवून चढवलीय. हे दात एका बाजूनं बोथट, एका बाजूनं धारेचे. या करवतीत साखळी वरच्या अंगानं टोकाकडं पळते, म्हणून वरच्या दातांची धार टोकाकडं पाहिजे. तशी असली की मुठीकडून गेलेलं तुमचं बोट दातांच्या पाठीवरनं सरकतं. परवा बाकी सगळ्यांवर सरकलं, हिच्यावर कापलं. म्हणजे परवापर्यंत हिची साखळी उलटी होती."

"पण परवापर्यंत तिला मोहोर होती."

"तेच तर! रवळू मेला त्या दिवसापासून ती उलटी होती. अण्णांनी ते तुमच्या बोटावरनं ओळखलं. उलटी साखळी लाकडावर नुसती घासते, बाई, कापत नाही. अशी करवत माणसाच्या मानेत घुसत नाही. आणि डोळे झाकून साखळी चढवणारा रवळू ती उलटी बसवेल का? मष्णू बसवेल?"

"मग बसवली कोणी?"

"सकाळी साखळी तेलाच्या डब्यात होती. करवत बोडकी होती. रवळू मेला तो दुसऱ्याच कशानं. मग कोणाला तरी करवतीनं मेल्याचं दाखवायचं होतं, म्हणून साखळी चढवावी लागली. त्यानं ती आयुष्यभराच्या सवयीनं चढवली, दात आपल्याकडं करून."

हवेत करवत ओढणारा तो हात मला आठवला. "चल, मायाप्पांना सांगू!"

"काय सांगणार? हे आपल्या दोघांचं डोकं झालं. पुरावा त्यानं काल शेजारची करवत बघून सरळ केला." मग बाही सरसावून म्हणाला, "बाई, एक लहान पाना द्या. आणि आत्ता जे बघाल त्यावर कोणी विचारलं तरी गप्प बसायचं. जमेल?"

गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही, पण अण्णांसाठी हो म्हणाले.

६

संध्याकाळी चौघं शेडमध्ये जमले. मायाप्पा, त्यांच्याशेजारी मष्णू, दाराशी पारूबाई, आणि खुर्चीवर उपेंद्रशेठ. मी कोपऱ्यात ओठ आवळून उभी. करवतीवर फडकं टाकलेलं होतं. अंबुबाई कुंपणापलीकडून ऐकत होती, ते दिसत नसलं तरी मला माहीत होतं.

धर्मराज कोर्टात बोलावं तसं बोलला. "वकीलसाहेबांना मारणारा एक काम करून गेला. त्यानं या करवतीची साखळी काढली आणि पुन्हा बसवली. काल बाईंनी कुलूप लावलं तेव्हापासून आत कोणी आलेलं नाही. मारणारा सोडला तर ही साखळी कोणी जवळून बघितलेली नाही." त्यानं फडकं ओढलं. "पण गडी अडाणी निघाला. बघा, चक्क उलटी बसवून गेला."

मष्णू नकळत पुढं सरकला. "व्हय की. उलटी हाय ही."

"शेजारी चांगल्या चार करवती समोर असताना बघून बसवायची अक्कल नाही," धर्मराज हसत म्हणाला. "आयुष्यात दोनदा तीच चूक. असल्या माणसाच्या हातात वखार दिली तर महिन्यात बुडेल."

"काल उलटी न्हवती ती," उपेंद्रशेठ म्हणाले.

अगदी सहज म्हणाले. आपल्या कामाला कोणी नावं ठेवली की माणूस बोलतो तसं.

"काल कशी होती, शेठ?" धर्मराजनं हळूच विचारलं.

मायाप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते दार अडवून उभे राहिले.

पुढं झाली ती पारूबाई. ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही.

"माज्या दारात मढं तुमीच आनलं मालक," ती म्हणाली. "तुमी म्हनला, पारू, तुज्या भावानं साखळी ढिली ठिवली. मी तुमच्या पायावर डोस्कं ठिवलं हुतं. देवमाणूस म्हनून."

त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. करवतीकडंच बघत राहिले.

"देवराईतली झाडं पाडायची होती," ते शेवटी म्हणाले. आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "तो नको म्हणाला. देवाच्या झाडाला करवत लावणार नाही, उलट फॉरेस्टवाल्यांना सांगीन म्हणाला. माझ्या हातात कोयता होता. मारायचा नव्हता... पण मारला. पुढं कधीतरी वखारीत एका गड्याला साखळी चढवताना बघितलं आणि कळलं की मी उलटी बसवलीय. तेव्हापासून झोप नाही. ती तिकडं कोर्टाच्या कोठडीत मोहोरेखाली बसलेली आणि मी इकडं. वाटायचं, कोणीतरी बघंल. रोज वाटायचं. काल ती सरळ केली आणि तेवढ्यात वकीलसाहेब आले, मग दाराआडून पाना मारला."

मष्णू जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडू लागला. सुटला म्हणून की फुकट गेलेल्या वर्षांसाठी, कोण जाणे. पारूबाई त्याच्याकडं न बघता बाहेर निघून गेली. तेव्हा मला तिचा राग आला. आता येत नाही. एवढ्या वर्षांचं वैर असं उभ्या उभ्या कुठं ठेवायचं, हे तिलाही सुचलं नसेल.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हता हे वेगळं सांगायला नको. "रवळूचीला कोणी हात लावला नाही ना?" म्हणे.

७

भाऊबिजेला अण्णा डोक्याला पट्टी बांधून शेडमध्ये खुर्चीवर बसले होते. मष्णू त्यांचे हात झाला होता. दिवाळीभर दोघांनी मिळून रवळूची करवत धुतली, पुसली आणि जुळवली. एक चकती धर्मराजच्या लग्नपत्रिकेची लागली. त्या दिवशी तो बायकोला घेऊन आला होता. पारूबाई येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, दाराशी उभी राहिली आणि अण्णांना म्हणाली, "चालू करा की. त्येच्या हातात आसताना लांबनं ऐकू यायची. आवाजावरनं मला कळायचं, ह्यो बरा हाय."

मष्णूनं साखळी चढवली, ताणली, बोटानं उचलून बघितली. मग पायाखाली मूठ दाबून दोरी ओढली. एकदा, पुन्हा एकदा. मग ती धडधडत उठली आणि निळा धूर छपराला लागला. पारूबाईनं डोळे मिटले. ऐकताना ती मान हलवत होती, कोणी ओळखीचं बोलत असावं तशी.

आणि कुंपणापाशी अंबुबाई उगवली. "हाच! हाच आवाज गं, बेबी! दसऱ्याला ऐकला तो हाच!"

मष्णूनं करवत बंद केली. आम्ही एकमेकांकडं बघितलं. दसऱ्याला त्या करवतीच्या टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता, आत नुसता गंज होता. बाकीच्या करवती अण्णा पूजेआधी रिकाम्या करून ठेवतात. उपेंद्रशेठनी सगळं कबूल केलं, पण आवाजाचं विचारल्यावर त्यांचाच चेहरा पांढरा पडला. त्यांनीही ऐकला होता म्हणे. म्हणून तर ते पाना तिथंच टाकून पळाले, नाहीतर दुसरा घाव घालणार होते.

"याचं काय रे?" मी धर्मराजला विचारलं.

"याचं उत्तर माझ्याकडं नाही, बाई," तो म्हणाला. माझा हुशार विद्यार्थी, आणि असं म्हणताना त्याला लाजही वाटली नाही. मलाही उत्तर नको होतं. माझा भाऊ समोर जिवंत बसला होता, मला तेवढं पुरे.

पारूबाई माझ्याकडं वळली. "बाई, तबक मिळंल का वो? आन् निरांजन?"

मी धावतच आणलं. मष्णू करवत हातात धरून तसाच उभा होता. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. पारूबाईनं निरांजनातली वात सारखी केली आणि खाली बघूनच त्याला म्हणाली, "हात धुऊन ये जा आदी. तेलाच्या हातानं ओवाळून घेत्यात व्हय?"